सांगून येणारा अंधार

सुरुवात चाचांच्या घड्याळापासून करणे योग्य ठरेल, कारण त्यांच्याकडे पहिल्यांदा येणारा प्रत्येक माणूस त्या घड्याळाला फसत असे. आमच्या वीज उपकेंद्राच्या नियंत्रण कक्षात, दाराच्या बरोबर वर ते टांगलेले होते. तबकडी पिवळी पडलेली, आकडे मोठे आणि ठसठशीत. त्याला किल्ली नव्हती आणि सेलही नव्हता. ते थेट विजेवर चाले. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते. या घड्याळाचा सेकंदकाटा त्या आवर्तनांना बांधलेला होता. आवर्तने पन्नासपेक्षा किंचित कमी झाली की घड्याळ मागे पडे, किंचित वाढली की पुढे धावे. मी यंत्रचालक म्हणून रुजू झाले त्या दिवशी त्यावरून मनगटी घड्याळ लावून घेतले, तेव्हा मागून आवाज आला,

"मास्तरीणबाई, ते वेळ न्हाई सांगत. ते देशाचा दम सांगतं. वेळ पाहिजे तर रेडिओ लावा."

मला मास्तरीणबाई म्हणण्याचे कारण एवढेच, की विद्युत पदविका घेतल्यावरही मी दोन वर्षे एका शाळेत विज्ञान शिकवले होते आणि बोलताना माझे बोट आपोआप फळ्याकडे जाई. त्यांना सगळे उपकेंद्र 'पन्नासवाले चाचा' म्हणे. मी नुसते चाचा म्हणत असे. तेही यंत्रचालक होते. पस्तीस वर्षे त्यांनी वेगवेगळ्या उपकेंद्रांत खटके उघडून वीज बंद केली होती आणि मिटवून चालू केली होती. वडील जुन्या जालन्यात घड्याळे दुरुस्त करत. एका जिनिंगवाल्याने हे घड्याळ दुरुस्तीला टाकले आणि तो परत आलाच नाही. वारसा म्हणून चाचांना ते मिळाले, आणि जिथे बदली होईल तिथे ते सोबत जाई.

रोज संध्याकाळी सातच्या बातम्यांआधी रेडिओवर जे ठोके पडतात, त्यांच्याशी ते घड्याळ ताडून पाहायचे आणि फरक खडूने दारामागे लिहायचा, हा त्यांचा नेम होता. "पूर्वी दिवसाला मिनिटं-मिनिटं मागं पडायचं," ते सांगत. "आता सेकंदाचा खेळ राह्यला. पण सूर्य आल्यापासून नवीन चाळा लागला याला. दुपारी पुढं पळतं, दिवेलागणीला मागं ओढतं."

'सूर्य आला' म्हणजे मंठ्याच्या अलीकडच्या माळावर सौर प्रकल्प आला. आमच्या उपकेंद्रालाच तो जोडलेला होता. दिवसा शेतीपंपांना तिथलीच वीज पुरे. मुख्य वाहिनीकडून आम्ही फारसे काही मागत नसू. संध्याकाळी तो मावळे, नेमके तेव्हाच घराघरांत दिवे, पंखे, कूलर आणि मिक्सर सुरू होत. ही गोष्ट मी शाळेत शिकवली असती तर तक्ता काढला असता. चाचांनी मला कावडीचे उदाहरण दिले.

"लहानपणी आमच्या गल्लीत कावडीनं पाणी यायचं. एका घागरीत बनणारी वीज, दुसरीत जळणारी. दोन्ही बराबर, तर खांदा सरळ. एक घागर हलकी झाली की दुसरी जल्दी हलकी करायची, न्हाई तर हलकीत पाणी ओतायचं. बस. यालाच ग्रीड म्हणतात."

"पण चाचा, कावडवाला थांबून घागर खाली ठेवू शकतो. ग्रीडला थांबता येत नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "मंग मी काय बसून राह्यलो का इथं पस्तीस वर्षं?"

मी आणखी एक शंका काढली होती, तीही नोंदवते. एका लहानशा उपकेंद्राने काही केले तरी देशाची पन्नास आवर्तने तसूभर हलत नाहीत. मग इतका जीव टाकायचा कशाला? हे त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक होते. ते म्हणाले, "कावड देशाची आहे, पण खांदा प्रत्येक गावाचा आहे. एकेकानं म्हटलं, माझ्या खांद्यानं काय होतं, तर मंग?" आणि चहा ओतायला उठले.

त्यांचा दुसरा नेम लोकांना अधिक विक्षिप्त वाटे. वीज कधी ना कधी बंद करावीच लागते: कधी दुरुस्तीसाठी, कधी भार जास्त झाला म्हणून. नियमाप्रमाणे खटका उघडावा, वहीत वेळ लिहावी, झाले. चाचा मात्र खटका उघडण्यापूर्वी लोकांना फोन करत. टेलिफोनशेजारी भिंतीवर त्यांच्या हाताने लिहिलेली एक लांबलचक यादी होती. तिच्यात ग्रामीण रुग्णालय, पिठाची गिरणी, वेल्डिंगवाला, मशीद, मंदिर, झेरॉक्सवाला आणि केशकर्तनालय इतके सगळे होते. "पाच मिनिटांत बंद करून राह्यलो," एवढेच सांगायचे. एकदा केशकर्तनालयवाला काकुळतीला आला, "चाचा, गिऱ्हाईकाच्या डोक्यावर मशीन चालू हाय, अर्धं झालंय, दहा मिनिटं द्या." चाचांनी घड्याळाकडे पाहिले, मग आपल्याच घड्याळावर आपण विसंबत नाही हे आठवून मनगटाकडे पाहिले आणि म्हणाले, "तीन देतो. बाकीचं कैचीनं कर."

आमचे उपअभियंता साहेब वयाने तरुण आणि स्वभावाने भले होते. ते म्हणत, "चाचा, आता सगळ्यांच्या मोबाईलवर आपोआप मेसेज जातो. फोन कशाला?"

"साहेब, मेसेज जातो, बराबर. पण सांगितलं कुणी? अंधार हा पाहुणा आहे. आधी निरोप पाहिजे. पस्तीस वर्षांत माझ्या हातून न सांगता अंधार गेला न्हाई कुणाच्या घरी. वादळानं तार तोडली असंल, ती गोष्ट अलग. माझ्या हातानं न्हाई."

निवृत्तीला थोडे महिने उरले होते आणि हे वाक्य ते वारंवार बोलत. एखादा गृहस्थ आपली सगळी मालमत्ता एका पेटीत ठेवून तिच्यावर बसतो, तसे ते त्या वाक्यावर बसलेले दिसत. ती पेटी न फुटता घरी न्यावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

सौर प्रकल्पामुळे त्यात एक नवी अडचण उभी राहिली. ढग आला की माळावरची वीज दोन-तीन मिनिटांत पाव होते. पंप मात्र चालूच असतात. त्यांचा सगळा भार एकदम आमच्या ट्रान्सफॉर्मरवर येतो. भार पेलला नाही तर ट्रान्सफॉर्मर स्वतःला वाचवण्यासाठी सुटा होतो आणि सगळा परिसर अंधारात जातो. म्हणजे ढगाआधी ढगाची बातमी हवी. त्यासाठी चाचांनी त्या पावसाळ्यात जी व्यवस्था उभी केली, तशी दुसऱ्या कुठल्या उपकेंद्रात मी पाहिली नाही.

आमच्याकडचे बहुतेक ढग नैर्ऋत्येकडून येतात. तिकडे शहागडला, गोदावरीच्या पुलाजवळ, त्यांच्या ओळखीचा एक पंक्चरवाला होता. दिवसभर उघड्यावर बसणारा आणि नदीकडे तोंड असलेला माणूस. त्याचे काम एकच: नदीच्या पात्रावर सावली पडली की फोन करायचा. तिथली सावली आमच्या माळावर पोहोचायला साधारण दोन तास लागत. घंटा वाजे, चाचा फोन उचलत, आणि पलीकडून ट्रकांच्या भोंग्यांतून आवाज येई, "चाचा, गोदावरीवर सावली पडली. मोठी हाय, गोठ्याएवढी न्हाई, गावाएवढी." मोजमापाची ही पद्धत माझ्या शिस्तीत बसत नव्हती, पण अख्ख्या पावसाळ्यात त्याचा अंदाज दोनदाच चुकला, हेही मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मी संगणकावर उपग्रहाचे चित्र उघडून दाखवत असे. ते कौतुकाने पाहत. "छान आहे. पण हा ढग वरून बघतो. आपल्याला खालून बघणारा माणूस पाहिजे."

मग रमजान आला.

चाचा सगळे रोजे धरत आणि बदल म्हणून सकाळची पाळी मागत नसत. उलट संध्याकाळचीच घेत. रोजा सोडण्याची वेळ आणि दिवेलागण एकच. त्या दहा-वीस मिनिटांत प्रकल्पाची वीज शून्यावर येत असते आणि गावाची मागणी चढत असते. एक हात फोनवर आणि एक हात पॅनेलवर लागतो. अजान होई, मी खजूर पुढे करी, आणि ते मान हलवत. "काटा खाली बसू द्या." पॅनेलवरचा भाराचा काटा स्थिरावला की मगच खजूर तोंडात जाई.

चाची जुन्या जालन्याहून फोनवर मला सांगत, "त्यांना म्हणा, वेळ झाली की लगेच सोडायचा असतो रोजा. उशीर करून जादा सवाब, जादा पुण्य न्हाई भेटत. वीज कंपनीचा वेगळा धर्म हाय का?"

मी निरोप पोहोचवला. ते म्हणाले, "तिला म्हणा, धर्म तिचाच बराबर आहे. हात माझे गुंतलेत."

त्या रमजानमधल्या एका दिवसाची हकिकत मी क्रमाने सांगते. आमच्या दोन ट्रान्सफॉर्मरपैकी एक दुरुस्तीसाठी उघडला होता. तो संध्याकाळी उशिरा जोडला जाणार होता. दुपारी रुग्णालयातून निरोप आला, की त्यांचा जनरेटर बिघडला आहे, वीज सांभाळा. चार वाजता पाळी बदलली. मी संगणक पाहिला आणि म्हणाले, "चाचा, अवकाळीचा मोठा ढग दिसतो आहे. अर्ध्या तासात आपल्यावर येईल."

त्यांनी खिडकीतून पाहिले. आवारातल्या कडुलिंबाची सावली जमिनीवर स्वच्छ पडली होती.

"शहागडचा फोन न्हाई आला."

"पण चित्रात स्पष्ट आहे. बाजारवाल्यांना आत्ताच सांगून ठेवू या का? शेतीचे पंपही हळूहळू कमी करू."

"मास्तरीणबाई, सावली पडली असती तर तो बोलला असता. उगीच लोकांना घाबरवायचं न्हाई. न आलेल्या पाहुण्याचा निरोप द्यायचा का?"

मी संगणकावरचे चित्र बंद केले. ते ज्येष्ठ होते, आणि खरे सांगायचे तर ऊनही लखलखीत होते.

साडेचारनंतर कडुलिंबाची सावली पुसून टाकल्यासारखी नाहीशी झाली. चाचांनी एकदा जमिनीकडे पाहिले, एकदा फोनकडे. तोवर प्रकल्पाचा आकडा घसरू लागला होता आणि आमच्या एकुलत्या ट्रान्सफॉर्मरवरचा काटा चढू लागला होता. धोक्याची घंटा वाजली. त्यांनी शेतीच्या तीन वाहिन्या एकामागून एक उघडल्या. काटा थबकला, पण लाल रेघेच्या वरच. उरल्या दोन वाहिन्या: एक रुग्णालयाची, एक बाजाराची. बाजाराच्या वाहिनीवर त्यांची मशीद होती, त्यांची खोली होती, आणि भिंतीवरच्या यादीतली अर्धी माणसे होती.

त्यांचा डावा हात टेलिफोनकडे गेला. घंटा वाजतच होती. यादीतल्या एकालाही फोन करण्याइतका वेळ नव्हता. मी "चाचा" एवढेच म्हणाले. त्यांनी फोनवरचा हात उचलला आणि उजव्या हाताने बाजाराचा खटका उघडला.

काटा लाल रेघेखाली आला. रुग्णालय चालू राहिले. चाचा खुर्चीत बसले नाहीत, पॅनेलसमोर उभेच राहिले, आणि म्हणाले, "न सांगता गेला."

मग फोन सुरू झाले. पहिला केशकर्तनालयवाल्याचा. "चाचा, तुम्ही हायत का आज ड्युटीवर? मला वाटलं दुसरं कुणी असंल! गिऱ्हाईकाची एकच मिशी झालीय!" मग गिरणीवाला, मग वेल्डिंगवाला. प्रत्येकाला चाचा एकच उत्तर देत होते: "माझी चूक झाली. दुसरा ट्रान्सफॉर्मर जोडला की सुरू करतो. तोपर्यंत न्हाई होणार." आभाळ उघडले नाही. सूर्य ढगाआडच मावळला. त्या संध्याकाळी लाऊडस्पीकरविना अजान झाली. ती आमच्यापर्यंत पोहोचलीच नाही. मी मोबाईलवर वेळ पाहून खजूर पुढे केला.

"बाजार सुरू झाल्यावर."

"चाचा, निदान पाणी घ्या. हात तर आता मोकळे आहेत."

"आज हाताची गोष्ट न्हाई."

शहागडचा फोन सव्वासातला आला. पंक्चरवाला रडकुंडीला आला होता. रमजान सुरू झाल्यापासून तो जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजनंतर दुकान ओढून घेऊन झोपत असे. उपाशीपोटी उन्हात बसवत नव्हते. रोजा सोडून बाहेर आला, ओले रस्ते पाहिले, तेव्हा त्याच्या लक्षात आले. चाचा त्याच्यावर रागावले नाहीत. "तू झोपला, बराबर केलं. मला सुचायला पाहिजे होतं. मीपण रोजेदारच आहे ना?"

सारी चूक एवढीशीच होती. पस्तीस वर्षे काटेकोरपणे वागलेल्या माणसाने फोन न येण्याचा अर्थ आभाळ निरभ्र आहे असा लावला. फोन न येण्याचा अर्थ फोन आला नाही, इतकाच असतो. ही गोष्ट मी पुढे प्रत्येक नव्या यंत्रचालकाला सांगितली आहे.

पावणेआठला दुसरा ट्रान्सफॉर्मर जोडला. चाचांनी बाजाराला वीज देण्यापूर्वी यादीतल्या प्रत्येकाला फोन केला, "पाच मिनिटांत सुरू करून राह्यलो." वीज येणार असल्याचेही कुणी सांगते, हे ऐकून गिरणीवाला हसल्याचे मला पलीकडून ऐकू आले. मग खटका मिटला, आणि मग त्यांनी खजूर घेतला.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. चाचांविषयी त्यांना खरोखर जिव्हाळा होता. "चाचा, काळजी करू नका. 'हवामानात अचानक बदल' असे लिहा. ते खोटेही नाही. जाताजाता सेवापुस्तकावर शेरा कशाला?"

"लिहून झालं साहेब."

साहेबांनी नोंदवही उघडली. मी मागून वाचले. वेळा, वाहिन्यांची नावे, सगळे नेहमीच्या टपोऱ्या अक्षरांत. आणि खाली: 'ढगाची सूचना चार वाजता सहकारी यंत्रचालकांनी मला दिली होती. मी ती मानली नाही. बाजार वाहिनी न कळवता बंद करावी लागली.'

साहेब म्हणाले, "एवढे लिहायची गरज नव्हती."

"अचानक न्हाई आला साहेब तो. मास्तरीणबाईंनी सांगितलंतं. मी 'अचानक' लिहिलं, तर त्यांनी सांगितलेलं पुसलं जातं."

माझी शाळेतली आणि इथली मिळून जी काही नोकरी झाली, तीत मला प्रशस्तिपत्रके दोन-तीन मिळाली असतील. कुणी स्वतःचे नुकसान करून माझ्या बाजूने लिहिलेले वाक्य तेवढे एकच.

समज देणारे पत्र यथावकाश आले. चाचांनी ते घडी करून खिशात ठेवले आणि सुट्टीच्या दिवशी बाजारात दुकानोदुकानी जाऊन माफी मागितली. केशकर्तनालयवाल्याने त्यांना खुर्चीत बसवून फुकट दाढी केली आणि तेवढ्या वेळात मनसोक्त टोमणे मारून घेतले. मशिदीच्या हाफिजसाहेबांनी सांगितले, "गच्चीवर जाऊन अजान दिली, चाचा. लई दिवसांनी माझा आवाज मला ऐकू आला. तुमचे उपकारच म्हणायचे." चाचा परत आले ते खडू घेऊन. भिंतीवरच्या यादीत शेवटी त्यांनी एक ओळ वाढवली: 'शहागड. रोज तीन वाजता. फोन आला नाही तर आपण करायचा.' आणि तिच्याखाली, थोड्या बारीक अक्षरात: 'संगणक. मास्तरीणबाईंना विचारणे.'

ते निवृत्त झाले तेव्हा घड्याळ घेऊन गेले. दारामागचे खडूचे आकडे आम्ही पुसले नाहीत.

गेल्या रमजानमध्ये चाचींनी मला रोजा सोडायला जुन्या जालन्याला बोलावले. गल्लीत रिक्षा जाईना, म्हणून चालत गेले. तांदळाच्या पोत्यांनी भरलेल्या दुकानांवर त्यांचे दोन खोल्यांचे घर. दारावर तेच घड्याळ, सात सेकंद मागे. जेवणासाठी जमिनीवर दस्तरखान अंथरले होते. अजान झाली. चाचींनी, सुनेने आणि मी खजूर उचलले. चाचांच्या हातातला खजूर हातातच राहिला.

"बघा," चाची म्हणाल्या. "दोन वर्षं झाली नोकरी सोडून. अजून त्यांचा काटा खाली बसायचाय."

"आज ड्युटीवर कोण?" चाचांनी मला विचारले.

"परतूरचे नवे यंत्रचालक आहेत. तुम्ही ओळखत नाही त्यांना. रमजानात रोज दिवेलागण नीट पार पडली की मी तुम्हाला फोनची एक घंटा देते ना, तशी आज त्यांनी द्यावी असे सांगून आले आहे."

आम्ही फोनकडे पाहिले. तो वाजला नाही. सुनेने भजी पुढे केली, चाचींनी नापसंतीने मान फिरवली. आणखी दोन मिनिटे गेली. खिडकीतून दिसणारे आभाळ मळकट होते. तेव्हा चाचांनी खजूर ताटलीत ठेवला, चष्मा लावला आणि स्वतः नंबर फिरवला.

पलीकडचा माणूस घाईत होता. आवाज आम्हा सर्वांना ऐकू येत होता. "कोण? हां, चाचा! मॅडमनी सांगितलंतं, पण सवड न्हाई भेटली. ढग आलाय, भार चढून राह्यलाय. बाजार पाच मिनिटांत बंद करावा लागंल. यादीतले सगळे झाले, न्हावी तेवढा फोन उचलून न्हाई राह्यला."

"त्याचा दुसरा नंबर यादीच्या खालच्या कोपऱ्यात आहे," चाचा म्हणाले. "गिऱ्हाईक असंल त्याच्याकडं. जल्दी करा."

त्यांनी फोन ठेवला, चष्मा काढला आणि ताटलीतला खजूर उचलून तोंडात घातला.

"अंधार होऊन राह्यला म्हणता, आणि खाता?" चाचींनी विचारले.

"सांगून होऊन राह्यलाय," चाचा म्हणाले, आणि पाण्याचा पेला मागितला.